नोकरीचे दिवस व निवृत्तीचे दिवस

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यवस्थापक मंडळींनी आम्हास जो विषय नेमून दिला आहे, तो वरवर पाहता शाळेतील वक्तृत्वस्पर्धेस शोभण्याजोगा आहे: पूर्ण वेळ नोकरीत राबण्याचे दिवस बरे, की निवृत्तीनंतरचे दिवस बरे? अशा विषयावर पाव तास एका बाजूने व पाव तास दुसऱ्या बाजूने बोलून शेवटी सुवर्णमध्य काढता येतो, आणि टाळ्याही मिळतात. परंतु ज्यांनी हा विषय सुचविला त्यांतील बहुतेकांचा निरोपसमारंभ गेल्या तीन-चार वर्षांत झालेला आहे, हे आम्हास ठाऊक आहे. निरोपाच्या दिवशी भेट मिळालेले घड्याळ अद्याप नवे आहे. पण त्यात वेळ पाहून कोठे जावयाचे, हे ठरलेले नाही, अशी त्यांची स्थिती. तेव्हा हा प्रश्न गरजेपोटी विचारलेला आहे असे धरूनच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या समाजात निवृत्त होणारी ही पहिलीच मोठी पिढी होय. आपले आजे-पणजे वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांच्या खेड्यापाड्यांत राहिले. कोणी वाट्याने शेती केली, कोणी सालदार म्हणून राबले, कोणी १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडली. पेन्शन हा शब्द त्यांच्या कानी होता तो फौजदार, तलाठी व मास्तर यांच्या संबंधात. स्वतःच्या संबंधात कधीच नव्हे. पुढे शहर वाढले. चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत झाली, १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागून लहानमोठे शेकडो कारखाने आले, २००१ साली शेंद्र्यास स्कोडाची मोटार तयार होऊ लागली. आपल्या तरुणांनी आय.टी.आय. केले, कोणी फिटर झाले, कोणी टर्नर, कोणी वेल्डर. आपल्या भगिनींनी परिचारिकेचे व शिक्षिकेचे शिक्षण घेतले. १९८५ साली जो विशीचा तरुण सायकलवरून वाळूजच्या फाटकापाशी उभा होता, तो आज साठीत आहे. पगाराचे पाकीट घरी आणणारी पहिली पिढी तीच, आणि ते पाकीट बंद झालेले पाहणारी पहिली पिढीही तीच. ज्या अवस्थेतून आपला बाप गेला नाही, तीत आपण कसे वागावे हे बापाकडून शिकता येत नाही. तुमची अडचण बव्हंशी येथेच आहे, असे आमचे मत झाले आहे.

म्हणजे खेड्यातील आज्याला म्हातारपण नव्हते असे नाही. परंतु त्याचे काम एका दिवसात सुटत नसे. नांगर हातून गेला तर तो पाभरीमागे चाले; पाभर झेपेना तर खळ्यावर राखणीला बसे; तेही जमेनासे झाले म्हणजे ओट्यावर बसून अंबाडीचे दोर वळी, वासरांवर लक्ष ठेवी, नातवाला मांडीवर घेई, आणि आभाळाकडे पाहून पेरणीचा दिवस सांगे. पायरी पायरीने तो खाली उतरे, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या हाताला काही ना काही असे. या चित्रात आम्ही उगीच रंग भरीत नाही. तो आजा अनेकदा अर्धपोटी राहिला, औषधावाचून मेला, व मरेपर्यंत राबला तो हौसेने राबला असेही नाही. परंतु कारखान्यातील मनुष्याची गती निराळी आहे. महिन्याच्या अखेरच्या दिवशी पहिली पाळी संपेपर्यंत त्याच्या हाती लक्षावधी रुपयांचे यंत्र असते. चार कनिष्ठ त्याला विचारल्यावाचून बटण दाबीत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस चौकातून निघून जाते व तो पायजमा घालून दारात उभा असतो. मध्ये एकही पायरी नाही.

हे अठ्ठावन्न वर्षांचे मान आकाशातून पडलेले नाही, हेही सांगणे जरूर आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वार्धक्यविम्याचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती. ती १९१६ साली पासष्टांवर आली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांना १९९८ पासून साठावे वर्ष लागू आहे. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक नोकरांना अठ्ठावन्नावे, चतुर्थ श्रेणीस साठावे. खासगी कारखान्यांत बहुधा अठ्ठावन्न. म्हणजे सरकारच्या हिशेबी शिपाई साहेबापेक्षा दोन वर्षे अधिक टिकाऊ ठरतो! तात्पर्य इतकेच की हा आकडा माणसांनी सोयीसाठी ठरविलेला आहे. तो तुमच्या शरीराची किंवा बुद्धीची किंमत सांगत नाही. तरी कित्येक जण त्याला निकालपत्रच समजतात.

आपल्या भाषेने तर येथे थोडी फसवणूकच केली आहे. निवृत्ती हा शब्द आपल्या मराठवाड्यात फार जुना व थोर आहे. पैठणजवळ गोदेच्या काठी आपेगाव आहे. ज्या भावंडांचे ते गाव, त्यांतील थोरल्याचे नावच निवृत्ती. तेथे निवृत्ती म्हणजे मनाने ओढ सोडणे. ती मनुष्य स्वतः स्वीकारतो, आणि ती कितीही कामात असता साधते. आपण मात्र तोच शब्द कंपनीच्या कार्यालयाने दिलेल्या चिठ्ठीला लावला. चिठ्ठी मिळाली म्हणजे मनाची ओढ सुटते असे नव्हे. उलट ज्याची नोकरी सुटली व ओढ सुटली नाही, असा मनुष्य सकाळी साडेसहाला घड्याळ पाहतो, दुपारी जुन्या सोबत्याला फोन लावून कोणत्या लाइनीवर कोण आहे ते विचारतो, व सायंकाळी घरच्यांवर चिडतो. त्याला निवृत्त म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान करणे होय.

आता नोकरीविषयी. नोकरीचे गोडवे गाणारे बहुधा खुर्चीवर बसून नोकरी केलेले असतात, असे आम्ही पाहिले आहे. तेहतीस वर्षे लेथवर उभे राहिलेल्या मनुष्याचे गुडघे वेगळे बोलतात. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याची झोप पन्नाशीनंतर पूर्वीसारखी येत नाही. मुलीच्या शाळेचे संमेलन, बापाचे अखेरचे आजारपण, पवित्र आठवड्यातील उपासना, यांपैकी किती गोष्टी पाळीने गिळल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आमच्या धर्मग्रामात असे वडील आहेत की ज्यांना आपली मुले मोठी झाल्याचे लग्नाच्या याद्या करतानाच कळले. तेव्हा नोकरीचे दिवस म्हणजे सुवर्णयुग, हे मत आम्हास मान्य नाही.

तथापि नोकरी पगाराखेरीज आणखी काही देत होती, आणि ते काय होते हे ती सुटल्यावरच समजते. पहिली गोष्ट, कोणी तरी आपली वाट पाहत होते. मनुष्य आला नाही तर हजेरीपटावर खाडा पडे, फोरमन विचारपूस करी, कोणाचे तरी काम अडे. दुसरी, सोबत. कँटीनमध्ये एका टेबलावर बसणारे चौघे चार जातींचे व तीन धर्मांचे होते. डबे एकमेकांत फिरत. आपल्या वस्तीतल्या वस्तीत राहिलो असतो तर अशी मैत्री आपल्या वाट्याला आली नसती. तिसरी, आणि ही फार मोठी, घरात आपल्या म्हणण्याला असलेले वजन. हे वजन प्रेमाचे आहे असे मनुष्य समजत आलेला असतो. पुष्कळसे ते पगाराचे होते असे त्याला निवृत्तीनंतर सहा महिन्यांत आढळून येते. हे कडू आहे, पण आमच्यापुढे येऊन बसणाऱ्या माणसांनी सांगितलेले आहे, म्हणून लपवीत नाही.

पैशाचा विषय धर्मगुरूने टाळावा असे कित्येकांना वाटते. आम्हास तसे वाटत नाही. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात काटकसरी कामगाराला कुटुंब पोसून थोडे शिलकीस टाकता यावे इतके वेतन असावे हा विचार आहे. आणि जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात वार्धक्यातील निवृत्तिवेतन हा कामगाराचा हक्क म्हणून सांगितला आहे. तेव्हा हक्क किती मिळतो ते पाहू.

खासगी कारखान्यातील कामगारास लागू असलेली निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. तिचे गणित साधे आहे. हिशेबास धरावयाचा पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. नोकरी निदान दहा वर्षांची पाहिजे, व पूर्ण वेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी. वीस वर्षांहून अधिक नोकरी असल्यास दोन वर्षे जादा धरतात. आता तीस वर्षे नोकरी केलेला मनुष्य घ्या. प्रत्यक्ष पगार चाळीस हजार असो वा साठ हजार, सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या मर्यादेप्रमाणे हिशेबास पंधरा हजारच धरावयाचे. पंधरा हजारांना बत्तिसांनी गुणून सत्तरांनी भागा: महिना ६,८५७ रुपये होतात. पण एवढेही हाती पडत नाहीत. कारण सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना साडेसहा हजारांचीच मर्यादा लागते. त्यावर महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याचा आकडा तोच पुढे चालतो, आणि तुरीच्या डाळीचा भाव मात्र चालत राहतो. प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरण्याचा पर्याय ज्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालान्वये मिळाला, त्यांची गोष्ट निराळी. त्याच गल्लीत जुन्या नियमाने निवृत्त झालेले सरकारी मास्तर राहतात. त्यांना अखेरच्या पगाराच्या निम्मे, व वर महागाई भत्ता. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना ती जुनी योजना लागू राहिली नाही, आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला, हे आपणांस आठवत असेल. एकाच गल्लीत एकाच वयाचे दोन वृद्ध; एकाने घरभाडे भरून नातवाला खाऊ आणावा, दुसऱ्याने रिक्षाचे भाडे वाचविण्यासाठी घाटी रुग्णालयापर्यंत चालत जावे. निवृत्त जीवन कसे असते असे विचारणाऱ्याने प्रथम कोणाचे ते सांगितले पाहिजे.

म्हणूनच भविष्यनिधी व ग्रॅच्युइटी यांची जी एकरकमी पुंजी येते, तिच्याविषयी आम्ही थोडे कठोर बोलणार आहोत. ती पुंजी घरी येण्यापूर्वीच तिच्या वाटण्या झालेल्या असतात. थोरल्याला फ्लॅटचे पहिले हप्ते, धाकट्याला मालवाहू टेम्पो, पुतणीच्या लग्नात नाव राहावे म्हणून काही, आणि वेगवान व्याज देणाऱ्या कोणा ओळखीच्या मनुष्याकडे उरलेले. दीड वर्षात बाप मुलाकडे औषधाचे पैसे मागू लागतो. मुलगा वाईट नसतो, पण त्याचाही हप्ता असतो. आणि मागणाऱ्याची मान खाली जाते ती जातेच. आम्ही अशी घरे एक-दोन नव्हेत, बरीच पाहिली आहेत. मुलांनो, तुम्हीही येथे बसला आहात म्हणून सांगतो: बापाच्या भविष्यनिधीत भविष्य हा शब्द आहे, ते भविष्य त्याचे व तुमच्या आईचे आहे. आईचे विशेष, कारण पतीच्या पश्चात या योजनेत पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाचे निम्मेच मिळते. सहा हजारांचे निम्मे किती होतात ते तुम्ही जाणता.

ज्यांचा निरोपसमारंभ झालाच नाही, त्यांच्याविषयी या तुलनेत कोणी बोलत नाही. कंत्राटी कामगाराला शाल मिळत नाही, श्रीफळ मिळत नाही. एके दिवशी फाटकावर त्याचे ओळखपत्र चालत नाही, एवढेच. तो पन्नाशीचा असतो. दुसरा ठेकेदार तिशीचा मनुष्य घेतो. पाच ठेकेदारांकडे पंधरा वर्षे काम केलेल्या मनुष्याची वर्गणी पाच ठिकाणी तुटक पडलेली असते, आणि प्रत्येक ठिकाणी दहा वर्षे भरली नाहीत म्हणून तो निवृत्तिवेतनाची आशाच सोडतो. वस्तुतः २०१४ पासून प्रत्येक कामगारास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक दिला जातो, व जुनी खाती त्याखाली जोडून घेता येतात; जोडली म्हणजे वर्षे जोडली जातात. तसेच काम सुटले म्हणून पन्नासाव्या वर्षी घाईने निवृत्तिवेतन लावून घेणारे आहेत; अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांचे दरसाल चार टक्के कापले जातात, आणि ते जन्मभर कापलेलेच राहतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आणि भगिनींचे काय? रुग्णालयात तीस वर्षे रात्रपाळ्या केलेली परिचारिका निवृत्त होते, म्हणजे तिच्या दोन नोकऱ्यांपैकी एक सुटते. घरची नोकरी तशीच राहते. उलट तीत नातवंडे, सासूचे आजारपण व निवृत्त पती यांची भर पडते. ज्या बाईने बाहेर नोकरी केलीच नाही, तिला तर हा विषयच समजणार नाही. तिला आम्ही विचारले असता ती हसली व म्हणाली की फादर, ते घरी बसले तेव्हापासून माझी ओव्हरटाइम सुरू झाली. फोडणीत मोहरी किती घालावी यावर चाळीस वर्षांत ज्याने एक शब्द काढला नाही, तो गृहस्थ आता स्वयंपाकघराची तपासणी करतो. यात विनोद आहे तसे दुःखही आहे. फोरमनगिरी करण्यासाठी त्याच्याकडे दुसरे खाते उरलेले नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. निवृत्तीचा उल्लेख शास्त्रात नाही असे अनेकांना वाटते. परंतु गणनेच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो स्पष्ट आहे. लेवी घराण्यातील मनुष्याने पंचविसाव्या वर्षी निवासमंडपाच्या सेवेत यावे व पन्नासाव्या वर्षी जड कामातून मोकळे व्हावे, असा तेथे नियम आहे. त्याचे कारण उघड आहे: मंडप उचलणे, खांब वाहणे, हे अंगमेहनतीचे काम होते. पण नियम तेथेच थांबत नाही. मोकळे झाल्यावर त्याने आपल्या भावांना राखणीच्या कामी साह्य करावे, स्वतः जड सेवा मात्र करू नये, असे पुढे सांगितले आहे. खळ्यावर राखणीला बसणारा आपला आजा व हा लेवी एकमेकांना ओळखतील! दोन्ही गोष्टी त्यात आल्या: ओझे खरोखर उतरविले, आणि मनुष्याला मंडपाबाहेर काढले नाही. आमच्या काळच्या नियमांत पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

आम्हा धर्मगुरूंना निवृत्ती नसते अशी आपली समजूत दिसते. ती बरोबर नाही. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे धर्मग्रामाच्या प्रमुखाने पंचाहत्तराव्या वर्षी महागुरुस्वामींकडे राजीनामा सादर करावयाचा असतो. आम्ही पन्नाशी ओलांडली आहे, म्हणजे तो दिवस फारसा दूर नाही. आमच्या वर्गाला मुले नाहीत, नातवंडे नाहीत, स्वतःचे घर नाही. ज्या घंटेने चाळीस वर्षे उठविले ती दुसऱ्याच्या हाती जाते. वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात आम्ही जातो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की रविवारच्या मिस्साला हल्ली माणसे किती येतात. तुमचा सोबती लाइनीची विचारपूस करतो तशीच ही. या बाबतीत झगा व बॉयलर सूट यांत फरक नाही.

सर्वांत मोठ्या धर्मासनावरही हा प्रश्न आला, आणि आपल्या डोळ्यांदेखत त्याची दोन उत्तरे मिळाली. जॉन पॉल दुसरे यांचे हात कापत होते, शेवटी वाचाही गेली, तरी २ एप्रिल २००५ रोजी देहावसान होईपर्यंत त्यांनी आसन सोडले नाही. त्यांच्यामागून आलेले बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, शक्ती पुरत नाही असे सांगून, पदत्याग जाहीर केला. १४१५ नंतर असे प्रथमच घडत होते. त्या महिन्याच्या अखेरीस ते पायउतार झाले व व्हॅटिकनच्या बागेतील एका मठात प्रार्थना, वाचन व पियानो यांत राहिले. ते ३१ डिसेंबर २०२२ रोजी वारले. म्हणजे आठ वर्षांहून कमी पोपपद व जवळजवळ दहा वर्षे निवृत्ती. कोणाचे बरोबर? धर्मसभेने दोघांचाही आदर केला. आमचे मन, खरे सांगावयाचे तर, दुसऱ्याकडे झुकते. सहन करणे कठीण आहेच, परंतु आपल्या जागी दुसरा बसलेला पाहून त्याच्या कामात दहा वर्षे हात न घालणे आम्हास अधिक कठीण वाटते.

निरोपसमारंभात वक्ते थोरांची उदाहरणे देतात. तीही पाहून घेऊ. महर्षी कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले व १९१६ साली, बरोबर अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील शिक्षणासाठी नवी संस्था उभारली, आणि १०४ वर्षे जगले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या भाषेला दिलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेव्हा ते सदुसष्टीच्या घरात होते. लांब कशाला, ज्याने १६१० साली खडकी वसवून या शहराचा पाया घातला, तो हबशी गुलामगिरीतून वर आलेला मलिक अंबर त्या वेळी साठी उलटलेला होता. आमच्या कंपन्यांनी त्याला चार वर्षांपूर्वीच शाल दिली असती. दुसऱ्या बाजूस, खुलताबादेस ज्याची साधी कबर आहे तो बादशहा पंचवीस वर्षे दख्खनच्या छावण्यांत घालवून अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी १७०७ साली वारला. अखेरपर्यंत त्याने सूत्रे कोणाच्या हाती दिली नाहीत, आणि पाठीमागे मुलांत तत्काळ युद्ध जुंपले. तेव्हा मरेपर्यंत काम करणे हा सदासर्वदा गुणच आहे असे समजण्याचे कारण नाही.

परंतु या थोरांची नावे घेताना आम्हास थोडा संकोच वाटतो. कर्वे गणित शिकवीत होते. त्यांनी फाऊंड्रीत भट्टीपुढे उभे राहून तीस वर्षे काढली नव्हती. ज्याचे कान यंत्रांच्या आवाजाने गेले व ज्याच्या पाठीचा मणका दुखतो, त्याला विद्यापीठ काढण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. त्याने सलीम अली सरोवराच्या काठी किंवा हिमायत बागेत सकाळी फिरावे, पेपर वाचावा, दुपारी झोप घ्यावी. यात कमीपणा कसला? अनेक वर्षे त्याची झोप उसनी घेतली होती, ती तो परत घेत आहे. लूकच्या शुभवर्तमानातील हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती. मंदिरात असे, उपास व प्रार्थना करी, आणि तेवढ्यावर तिचे नाव आजवर राहिले.

धर्मग्रामाला या बाबतीत काय करता येईल, असे महोत्सवाच्या बैठकीत विचारले गेले. तेथे आम्ही एक आक्षेप नोंदविला होता, तो येथेही नोंदवितो. निवृत्त मंडळी मोकळीच आहेत, त्यांना खुर्च्या मांडावयास, मंडप बांधावयास बोलवा, असे बोलण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. जड काम पुन्हा त्यांच्याच माथी, व तेही फुकट! लेवीचा नियम याच्या अगदी उलट सांगतो. खुर्च्या तरुणांनी उचलाव्या. निवृत्त वायरमनकडून देवळाची वीजजोडणी तपासून घ्यावयाची असेल तर त्याला त्याची मजुरी द्यावी. त्याने ती दानपेटीत टाकली तर तो त्याचा प्रश्न, आमचा नव्हे. आणि ज्याचे ज्ञान आहे त्याला ज्ञानाच्या कामी बोलवावे. आपल्यात हिशेबनीस आहेत, शाळामास्तर आहेत, कामगार संघटनेत पंधरा वर्षे घालविलेले व भविष्यनिधीचा प्रत्येक अर्ज तोंडपाठ असलेले गृहस्थ आहेत. आणि त्याच बाकावर शेजारी तो कंत्राटी कामगार बसतो, ज्याची पाच खाती तुटक पडलेली आहेत. दोघे दर रविवारी एकमेकांना शांती देतात, परंतु एकाला दुसऱ्याची गरज आहे हे दोघांनाही ठाऊक नाही.

म्हणून येत्या महिन्यापासून दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा देवळालगतची खोली उघडी राहील. तेथे दोन टेबले, एक संगणक व बोटाचा ठसा घेण्याचे यंत्र ठेविले आहे. चार निवृत्त सदस्यांनी आळीपाळीने बसण्याचे कबूल केले आहे, व त्यांच्या हजेरीचा पट आम्ही स्वतः ठेवणार आहोत. खाडा पडल्यास विचारपूस होईल. खाती जोडणे, वारसाचे नाव लावणे, विधवा भगिनींचे अर्ज, हयातीचा दाखला, ही कामे तेथे होतील. जात-धर्म विचारला जाणार नाही; कँटीनमधील जुने सोबती असतील तर त्यांनाही घेऊन यावे. सरकारी निवृत्तांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा. कंपनीतील निवृत्तांना तो वर्षात केव्हाही देता येतो, व दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. येताना आधार कार्ड, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचे पासबुक व बँकेस दिलेला तोच मोबाइल बरोबर आणावा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी मागील दाराने यावे. तिकडे पायऱ्या नाहीत.